गोंधळाला निघालेली माणसं

चौक मांडून झाला, दिवटीवर तेल पडलं, संबळाची कातडी शेकून ताणली गेली, की गोंधळ्यांच्या ताफ्याचा नाईक सगळ्यांत आधी गावं घेतो. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, वणीची सप्तशृंगी. मग जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, वाडीरत्नागिरीचा जोतिबा. घर धाराशिव जिल्ह्यातलं असेल तर येरमाळ्याची येडाई चुकत नाही, अंबाजोगाईची योगेश्वरी चुकत नाही. नंतर आवाज घराजवळ येऊ लागतो. गावचा मारुती, वेशीतली मरीआई, बांधावरचा म्हसोबा, आणि शेवटी यजमानाचे गेलेले वाडवडील. प्रत्येक दैवताला त्याच्या गावासकट बोलावणं जातं आणि दर बोलावण्यावर संबळाचा ठोका पडतो.

हे आवाहन मी धाराशिव, कळंब, तुळजापूर या तालुक्यांतल्या अंगणांत अनेकदा ऐकलं आहे. दर वेळी वाटतं, ही यादी चालणाऱ्या माणसांनीच केलेली असणार. ज्यांनी बालाघाटाचे चढ पायांनी मोजले, ज्यांना कुठल्या गावात कुठलं दैवत नांदतं आणि कुठल्या घराचं कुलदैवत कोणतं हे तोंडपाठ होतं, त्यांची ही स्मृती आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कुठल्याही फिरत्या मंडळींना रस्ता ठाऊक असावा लागतो. गोंधळ्यांनी तो रस्ताच गाण्याच्या सुरुवातीला आणून ठेवला.

आज संबळ पूर्वी कधीच गेला नव्हता इतका लांब पोचला आहे. चित्रपटात गेला, दिल्लीच्या कर्तव्यपथावर गेला, समुद्रापलीकडच्या मराठी मंडळांत गेला. पण ज्या रात्रीसाठी तो बांधला जायचा, ती रात्र आखूड होत चालली आहे. हा लेख त्या रात्रीसाठी आणि ती डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसांसाठी आहे.

सोलापूरहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा जिल्हा उभा कापत बीडकडे जातो. सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, तिथून धाराशिव आणखी वीस-बावीस. कोजागरीच्या आधी हा रस्ता माणसांनी भरून वाहतो. सोलापूरच्या काठ्या, कर्नाटक-तेलंगणातून आलेली पायी मंडळी, अनवाणी बायका, डोक्यावर परडी, हातात पोत. पौर्णिमेच्या रात्री तुळजापुरात पोचायचं एवढाच सगळ्यांचा हिशेब. या गर्दीच्या आगेमागे संबळाचे ताफे असतात. काही भाविकांनी बोलावलेले, काही आपणहून निघालेले.

आता चार पदरी झालेल्या या रस्त्यावर एके काळी दोन राज्यं भेटत होती. सोलापूर आणि बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त होईपर्यंत बार्शीच्या यजमानाकडचा गोंधळ आटोपून तुळजापूरला परतणारा गोंधळी राज्याची हद्द ओलांडत होता. तिकडची बिदागी कलदार रुपयात, इकडची हाली शिक्क्यात. सरकारं वेगळी, नाणी वेगळी, शाळेची आणि कचेरीची भाषाही वेगळी. पण कुलदैवत एकच होतं, म्हणून गोंधळ्याची वाट अखंड राहिली. राजकीय नकाशावर जे दोन तुकडे होते ते त्याच्या आवाहनात एका दमात येत होते.

गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा मानल्या जातात. कदमराई तुळजाभवानीचे उपासक, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. परंपरेत त्यांची कथा अशी की परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या शिराला तंतू ओवून वाद्य केलं आणि ते वाजवत माहूरला जाऊन आईला वंदन केलं. म्हणजे गोंधळाच्या मुळाशीसुद्धा वाजवत केलेला एक प्रवासच आहे. इतिहासाची दुसरी खूण धाराशिवच्या शेजारीच सापडते. उमरग्याच्या पलीकडे राज्याची सीमा ओलांडली की बसवकल्याण लागतं, चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्याचं वर्णन येतं, आणि अभ्यासकांनी त्याचा गोंधळाशी संबंध जोडला आहे. पुढे एकनाथांनी गोंधळाचं रूपक घेऊन रचना केल्या. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना ते रूपक समजावून सांगावं लागलं नाही, याचाच अर्थ पैठणच्या पंचक्रोशीत तेव्हा गोंधळी घरोघर येत होते.

तुळजापुरातली मूर्तीसुद्धा चल आहे, ती जागेवरून हलवता येते. वर्षातून तीनदा देवी सिंहासनावरून उठून पलंगावर निद्रेला जाते, आणि दसऱ्याच्या पहाटे अंगावर साड्यांचे थरावर थर लपेटून पालखीतून सीमोल्लंघनाला निघते. ती पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून येतो. वाटेतली गावं पलंगाची वाट पाहतात, नारळ फोडतात, पुढच्या गावापर्यंत पोचवायला जातात. जिथं देव आणि देवाचं अंथरूणसुद्धा शेकडो किलोमीटर चालतं, तिथं देवाचा गाणारा घरी बसेल असं कुणाच्या मनातही आलं नसणार.

ताफा लहान असतो. नाईक, संबळ वाजवणारा, तुणतुण्यावर एक, झांजेवर एक, दिवटी धरणारा एक. गरज पडली तर एकच माणूस दोन कामं करतो. नाईकाच्या अंगात पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट. संबळ म्हणजे शेजारी शेजारी जखडलेले दोन लहान नगारे, भांडी तांब्या-पितळेची किंवा लाकडाची, तोंडावर शेळीचं कातडं. एकाचा आवाज खर्जाचा, दुसऱ्याचा चढा. ते कमरेला बांधून उभ्यानं वाजवतात. एका हातात टोकाशी वाकलेली काठी, दुसऱ्यात सरळ बारीक. वाकलेली काठी खर्जाच्या कातड्यावर घासली की घुमारा निघतो, सरळ काठी चढ्या कातड्यावर कडाडते. आषाढाच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून संबळवाला आधी जाळ शोधतो. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, तिथं कातड्याची वाण नव्हती. आता काही जण प्लास्टिकचं पान लावतात. पावसात ते सैल होत नाही, मोटारीत बसवून नेता येतं, आवाज मोठा निघतो. पण घुमारा पातळ होतो. जुने ऐकणारे दोन ठोक्यांत ओळखतात.

लग्नानंतरचा गोंधळ सगळ्यांत जास्त. नवी जोडी घरात आली, की कुळाचार म्हणून गोंधळ घालायचा. कुठं आधी खंडोबाचं जागरण होतं, त्याला वाघ्या-मुरळी, दिमडी आणि घाटी. कुठं तोच ताफा दोन्ही करतो, म्हणून पत्रिकेवर ‘जागरण-गोंधळ’ असा जोडशब्द छापलेला दिसतो. अंगणात पाटावर नवं कापड अंथरतात, त्यावर धान्याची रास, कलश, नारळ, विड्याची पानं. भोवती पाच ऊस उभे करून वर एकत्र बांधतात, ऊस नसेल तर ज्वारीची पाच धाटं. दुष्काळाच्या वर्षी या भागात ऊस शोधायला लागतो, धाटं मिळतात. चौकाकडे पाहिलं की त्या वर्षीचं पाऊसपाणी कळतं.

आवाहन झालं की गण, मग देवीची स्तुती, मग सवाल-जवाब. नाईक बोलत असतो आणि त्याचा साथीदार मध्येच अडाण्यासारखा प्रश्न विचारतो. पोरं हसतात, बायका पदर तोंडाला लावतात, पेंगणारे जागे होतात. हा साथीदार सबंध रात्रीचा आधार आहे. श्रोत्यांच्या मनात येणारी शंका तो मोठ्यानं विचारतो, आणि कथा कुठं रेंगाळते आहे हे त्याला नाईकाच्या आधी कळतं. मी पाहिलेल्या चांगल्या ताफ्यांत हा माणूस बहुधा वयानं मोठा होता. एके काळी तोच नाईक असायचा, आवाज गेला तेव्हा प्रश्न विचारायच्या बाजूला आला.

मध्यरात्रीच्या सुमाराला करपल्लवी. ही विद्या आता फार थोड्यांकडे उरली आहे. एक गोंधळी दूर उभा राहतो, पाठ फिरवूनसुद्धा असतो. दुसरा श्रोत्यांत जातो. कुणी त्याच्या कानात एखादं नाव सांगतं, कुणी नोट दाखवतं, कुणी खिशातली वस्तू. तो काही बोलत नाही. समोर वळलेल्या साथीदाराला हाताच्या, बोटांच्या खुणांनी अक्षरं पोचवतो आणि पलीकडून नाव बरोबर येतं. डोळ्यांच्या खुणांनी केली तर ती नेत्रपल्लवी. शिवरायांच्या काळात गोंधळी याच खुणांनी निरोप पोचवत, असं ताफ्यांत अभिमानानं सांगतात. त्याला कागदोपत्री आधार किती, हा वेगळा प्रश्न. पण अक्षरांची एक सबंध व्यवस्था बोटांवर बसवणं आणि ती कुठल्याही शाळेविना पिढ्यान् पिढ्या बापाकडून लेकाला देणं, एवढंच पुरेसं थक्क करणारं आहे. ही विद्या शिकायला दोघं लागतात. घरातला एक भाऊ पुण्याला कंपनीत लागला, की दुसऱ्याच्या बोटांतली अक्षरं कुणासाठी राहतात?

करपल्लवीनंतर खरी रात्र सुरू होते, आख्यानाची. पुराणातली, महाभारतातली, लोकांनी आपल्या पद्धतीनं वाढवलेली कथा. जांभूळ आख्यान त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. पाच पती असलेल्या द्रौपदीला कर्णाला पाहून ओढ वाटते आणि ती कबुली तिच्याकडून काढून घेतली जाते. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. ती अशाच अंगणांत, अशाच रात्री घडली. विचार करा, नव्या नवरीसमोर, तिच्या सासूसमोर, साऱ्या भावकीसमोर मध्यरात्री एक गोंधळी उभा राहून सांगतो की द्रौपदीच्या मनातही एक न बोललेली इच्छा होती, आणि सगळे शांतपणे ऐकून घेतात. धर्मकार्याच्या मध्यभागी एवढी मोकळी जागा लोकांनी राखून ठेवली होती. शाहीर विठ्ठल उमप यांनी हे आख्यान रंगमंचावर आणलं आणि शहरातल्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. २०१०मध्ये नागपुरात रंगमंचावर असतानाच उमप गेले. त्यांच्यामुळे आख्यान वाचलं हे खरं. पण ते ज्या लांबीचं होतं आणि नाईकागणिक त्यात जे फाटे फुटत, ते नाट्यगृहात मावण्यासारखे नव्हते.

पहाटे दिवटी घेऊन आरती, देवीचा उदो, आणि मग चहा. गोंधळी झोळी आवरतात. यजमानीण त्यांना धान्य, नारळ, कापड देते. पैसे आधी ठरलेले असतात, तरी हे वेगळं द्यायचंच असतं.

गोंधळी नुसते देवाचं गात नव्हते, ते बातमीही नेत होते. अफजलखानाच्या वधावरचा पोवाडा रचणारा अज्ञानदास, सिंहगडावरचा पोवाडा रचणारा तुळशीदास, यांची परंपरा गोंधळ्यांचीच मानली जाते. प्रतापगडचं प्रकरण १६५९चं. वर्तमानपत्र नसलेल्या मुलखात ते गावोगाव कुणी पोचवलं असेल, याचं उत्तर या फिरत्या ताफ्यांत आहे. त्याच खानाच्या स्वारीत तुळजापूरच्या देवळाला उपद्रव झाल्याची आठवण इथं अजून जागी आहे, त्यामुळे हा पोवाडा धाराशिवच्या श्रोत्यांना दूरच्या गडाची कथा वाटत नाही. १८९१मध्ये हॅरी ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर पोवाड्यांचा संग्रह छापला, तो मुख्यतः गोंधळ्यांच्या तोंडून आलेल्या कवनांवर उभा आहे. मराठ्यांच्या इतिहासाचं एवढं मोठं साधन ज्यांच्या कंठात होतं, त्या गाणाऱ्यांची नावं मात्र पुढच्या पिढ्यांना फारशी ठाऊक झाली नाहीत.

या मंडळींचं वर्ष तिथीवर चालतं. अश्विनात नवरात्र, मग कोजागरी. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई उघडते आणि ती थेट ज्येष्ठापर्यंत जाते. मध्ये पौषात तुळजापूरचं शाकंभरी नवरात्र, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची यात्रा. आषाढीनंतर चातुर्मास, कामं बंद. तेव्हा ज्याला शेत आहे तो शेतात, नसेल तो दुसऱ्याच्या शेतात. एक चांगली सराई साऱ्या वर्षाला पुरवायची असते. म्हणून पावसानं दगा दिला की त्याचा मार आधी शेतकऱ्याला बसतो आणि लगेच त्याच्या पाठीमागून गोंधळ्याला. लग्न पुढं ढकललं जातं, किंवा घरच्या घरी उरकतं. २०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे नद्यांनी शेतं धुऊन नेली, तीही नेमकी नवरात्राच्या तोंडावर. त्याआधी कोरोनाची दोन वर्षं होती. २०२०च्या नवरात्रात तुळजापूरचं मंदिर भाविकांसाठी बंद होतं, आणि पुढच्या वर्षी ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशीच, राज्यातली देवळं उघडली. मधल्या काळात पन्नास माणसांच्या लग्नात गोंधळाला कोण बोलावणार? काही संबळ तेव्हा खुंटीवर गेले ते उतरलेच नाहीत.

सरकारच्या यादीत गोंधळी भटक्या जमाती ‘ब’ प्रवर्गात येतात. वृद्ध कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं, आणि २०२४पासून ते सरसकट दरमहा ५,००० रुपये केलं आहे. ही रक्कम घरात औषधपाण्याला उपयोगी पडते, यात शंका नाही. पण ते मिळवायला आपण कलावंत आहोत याचे पुरावे जोडावे लागतात, कार्यक्रमांची पत्रकं, प्रमाणपत्रं, छायाचित्रं. ज्यानं आयुष्यभर लोकांच्या अंगणात रात्री जागवल्या, त्याच्याकडे कसली पत्रकं असणार? त्याची साक्ष त्या त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे, आणि तीही कमी होत चालली आहेत.

येरमाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथं गाणं बायकांच्या हाती आहे. गोंधळाचा ताफा पुरुषांचा, देवीची गाणी गाणाऱ्या आराधी मेळ्यात मात्र आराधिणी पुढं असतात. चैत्री पौर्णिमेला कळंब, बार्शी, केज, लातूरकडून टेम्पो भरभरून येतात. डोंगरावरून येडाईची पालखी आमराईत उतरते. वाटेत शेतातले चुनखडीचे खडे वेचायचा मान असतो, हजारो हात एकाच वेळी मातीत. आमराईत झाडागणिक मेळा बसलेला. चौंडकं, तुणतुणं, झांज, आणि खालच्या पट्टीतून अचानक वर चढणारा बायकांचा गळा. बाराही महिने खुरपणी करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तिथं दोन दिवस निव्वळ गातात. गाणी देवीची, पण त्यात सासर-माहेर येतं, नवऱ्याची दारू येते, आजारी लेकरू येतं, देवीला केलेली तक्रार येते. कॅसेटच्या जमान्यात ही गाणी तुळजापूर-येरमाळ्याच्या दुकानांतून घराघरांत गेली, आता मोबाइलवर आली. काही आराधिणींचा आवाज लाखो लोकांनी ऐकला आहे आणि त्या अजूनही आपल्या गावाहून टेम्पोनं येतात, झाडाखाली भाकरी सोडतात. माझ्या मते धाराशिव जिल्ह्यात सध्या सर्वांत जिवंत असलेलं फिरतं गाणं हेच आहे. गोंधळावर थोडंफार लिहिलं गेलं, आराधिणींवर त्या मानानं फारच कमी.

फिरणाऱ्याला आणखी एक भीती असते. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मंगळवेढा तुळजापूरहून लांब नाही. त्यानंतर अनोळखी गावात भगवं किंवा पायघोळ घालून शिरायला भटक्या समाजातली माणसं दबकू लागली. जी वेशभूषा पूर्वी ओळखपत्र होती, तीच संशयाचं कारण ठरली. आता गोंधळी यजमानाच्या गाडीतून थेट दारात उतरतात, झगा पिशवीत असतो, चौकासमोर चढवतात. जुन्या काळी वेशीतूनच संबळ वाजवत यायचे, गावाला कळायचं आज कुणाकडे गोंधळ आहे. वेशीपासून अंगणापर्यंतचं ते वाजवणं आता क्वचित ऐकू येतं.

दुसरीकडे संबळाचा मान वाढला, हेही तितकंच खरं. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’नं गोंधळ रंगमंचावर नेला आणि शहरी मराठी माणसाला त्याची गोडी लावली. ‘जोगवा’ या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नंतर लग्नाच्या वरातीत संबळ मागून घेतला जाऊ लागला. २०२३च्या प्रजासत्ताक दिनाला महाराष्ट्राचा चित्ररथ साडेतीन शक्तिपीठांचा होता, त्याला दुसरा क्रमांक मिळाला. तिकडे उत्तर अमेरिकेत १९८१मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं भरतात, गावोगावची महाराष्ट्र मंडळं आहेत, पार कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हरपर्यंत. गणपतीत, दिवाळीत तिथल्या रंगमंचांवर मुलं कवड्यांच्या माळा घालून गोंधळ नाचतात. घरापासून इतक्या लांब कुलदैवताचं नाव घ्यावंसं वाटणं मला मोलाचं वाटतं. त्या मुलांनी नाचावं, जरूर नाचावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्या वाटांवर जे पोचलं ते गोंधळाचं पहिलं अर्धं अंग. वेश, संबळ, देवीचा उदो आणि उडती चाल. पाच-दहा मिनिटांत बसतं ते. आवाहनातली गावं गळतात, कारण परक्या शहरात कुठली वेस आणि कुठला म्हसोबा. अडाणी प्रश्न विचारणारा म्हातारा गळतो. करपल्लवी गळते. आख्यान तर पार राहतंच. आणि रंगमंचाकडून हीच आखूड पद्धत उलट गावात येते. आता धाराशिवच्या आसपास दहाला सुरू झालेला गोंधळ बारा-साडेबाराला आवरतो. ध्वनिक्षेपक, बँजो, चित्रपटाची चार गाणी, आरती, संपलं. यजमानाला सकाळी कामावर जायचं असतं, पाहुण्यांच्या गाड्या परत जायच्या असतात. ताफाही एका रात्री दोन गावं घेऊ शकतो, त्यात चार पैसे जास्त सुटतात. यात कुणाचीच चूक म्हणता येत नाही. तरी ज्या नाईकाला बारा आख्यानं येत होती, त्याला आता एकही पूर्ण सांगावं लागत नाही. न सांगितलेली कथा दोन-चार सरायांत विसरते, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या पोराच्या कानावर ती कधी पडतच नाही.

सीमेपलीकडे वेगळं चित्र दिसतं. कर्नाटकातले गोंधळी कन्नड आणि मराठी दोन्हींत गातात. बागलकोटचे वेंकप्पा अंबाजी सुगतेकर यांनी आयुष्यभर ही गाणी गायली, तरुणांना मोबदला न घेता शिकवली, आणि २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तो सन्मान ऐकून उमरगा-नळदुर्गाकडच्या ताफ्यांनाही आनंद झाला असेल, कारण नाती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. आपल्याकडे परभणीच्या राजाराम कदमांनी गोंधळाला प्रतिष्ठा मिळवून दिली, मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीनं गोंधळ वर्गात शिकवायला घेतला. पण तुळजापूर हे ज्या परंपरेचं माहेर, तिथं तिची नोंद करणारी एकही कायमची खोली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खरं तर लागणारं सगळं इथंच आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, गेली कित्येक वर्षं तिथले विद्यार्थी गावोगाव फिरतात. धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तुळजाभवानी मंदिर संस्थानाचे अध्यक्ष स्वतः जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे निर्णयाला लांब जावं लागत नाही. चांगले ध्वनिमुद्रक, दोन-चार तरुण मुलं आणि ज्याच्या तोंडी कथा आहे त्याला रात्रीमागे रीतसर मानधन, एवढ्यावर काम सुरू होईल. मुद्रण मात्र अंगणात, चौक मांडून, ऐकणारी माणसं समोर बसवूनच व्हायला हवं. बंद खोलीत यंत्रासमोर नाईक कथा गुंडाळतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याला हसणारं कुणी नसेल तर तो गप्प राहतो. आवाहनं वेगळी उतरवून घ्यावीत, घराघराची, तालुक्यातालुक्याची. कुठल्या ताफ्यात कोणती गावं येतात हे कागदावर मांडलं, तर शे-दोनशे वर्षांपूर्वी कोण कुठपर्यंत फिरत होतं ते दिसू लागेल. आराधिणींसाठी येरमाळ्याला चैत्रात दोन दिवस जाऊन बसावं लागेल, आणि गाणाऱ्या बाईचं नाव तिच्या गाण्याबरोबर लिहून ठेवावं लागेल.

लग्नसराईत या माणसांना गाठता येत नाही. आज भूममध्ये, उद्या बार्शीला, परवा कुणाच्या तरी गाडीतून पुण्याला. आषाढी झाली की ती घरी असतात, संबळाची कातडी उतरवून ठेवलेली असते, आणि बोलायला वेळ असतो. पुढच्या चातुर्मासाची तयारी करायची तर या संस्थांशी पत्रव्यवहार दिवाळीनंतरच सुरू व्हायला हवा.